खचलेला उतार

फार फार वर्षांपूर्वी, मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर यायचं, तेव्हाची ही गोष्ट.

एका तांड्याचा म्हातारा नायक मरणाला टेकला. त्याची मुलगी भिवरा लहानपणापासून त्याच्याबरोबर चाललेली. प्रत्येक वाट, प्रत्येक पाणवठा तिला ठाऊक. नायकाने आपली काठी तिच्या हाती दिली. पंचांनी माना डोलावल्या.

तिला कोणी विरोध केला नाही. ती म्हणेल तिथे तांडा थांबे, म्हणेल तेव्हा निघे. पण दुपारी झाडाखाली शिदोऱ्या सुटल्या, की गडी गोल करून बसत. वाटेत भेटलेल्या माणसांच्या बातम्या तिथेच निघत. तिचा बाप त्या गोलातच जेवायचा. भिवरा जवळ आली, की मात्र बोलणं थांबे. कुणी खाली बघे, कुणी बैलाला पाणी दाखवायला उठे. मग ती लांब एका धोंड्यावर बसून भाकरी खाई.

तिने बापासारखं दरडावून पाहिलं. "बाई फार कडक," म्हणाले. मऊ बोलून पाहिलं. "हिच्याच्याने व्हायचं नाही," म्हणाले. शेवटी तिने बोलणंच कमी केलं.

एके दिवशी सकाळी एका मेंढपाळाने गड्यांना सांगितलं, "पुढची नदी ओलांडायचा उतार खचलाय. तिथून बैल घालू नका."

दुपारी भिवराने लांबूनच विचारलं, "पुढची काही खबर?"

"काही नाही, बाई."

कुणाला वाटलं, तिला ठाऊक असेल. कुणाला वाटलं, नसेल तर कळेल तिचं तिला.

तिने नेहमीच्या उतारावर बैल घातले. मधोमध पुढच्या बैलांचे पाय सुटले. चार बैल वाहून गेले. बाकीचे कसेबसे काठाला लागले, तेव्हा गोण्यांतून पांढरं पाणी गळत होतं. वर्षाचं मीठ नदीने नेलं.

"बाईच्या हाती कारभार दिला, की हे असंच," एक जण म्हणाला.

भिवरा गोण्या पिळत राहिली. तेव्हा सगळ्यांत म्हातारा गडी, तुळाजी, पुढे आला. "पोरी, उतार खचल्याचं आम्हाला ठाऊक होतं."

तिने वर पाहिलं. "बाबा असते, तर सांगितलं असतंत?"

"जेवता जेवता सांगितलं असतं."

"मीही जेवतच होते, काका."



त्या वर्षी तांड्यातली पोरंबाळं अर्धपोटी निजली. पुढच्या फेरीला तुळाजीने भिवराला हाक मारून आपल्या शेजारी जागा करून दिली. दोघे-तिघे उठून दुसरीकडे गेले. बाकीचे बसून राहिले. मग एकाने घसा खाकरून, पुढची विहीर आटल्याचं सांगितलं. भिवराने त्याच दुपारी तांडा दुसऱ्या वाटेला वळवला, आणि सगळे बैल सुखरूप बाजाराला पोचले.

लहानांनो, आणि थोरांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: जिला पुढे चालायला सांगितलं, तिलाच एकटं पाडलं, तर सगळा तांडा बुडतो.