सगळ्यात वरचा ब्लॉग

‘ओसरी’ हे ब्लॉग लिहिण्याचं खुलं सॉफ्टवेअर रत्नागिरीची नीलांबरी शेट्ये आणि तिचे मित्र हौसेने सांभाळत. लिहिणारे वाढले, तेव्हा एका शिक्षणसंस्थेने त्यांना आपला सर्व्हर वापरायला दिला.

संस्थेचे अध्यक्ष भालचंद्रराव सुर्वे स्वतःही ब्लॉग लिहीत, बहुधा स्वतःच्याच सत्कारांविषयी. एकदा त्यांनी नीलांबरीला बोलावून सुनावलं, “‘ओसरी’वरच्या ब्लॉगांच्या यादीत माझा ब्लॉग सगळ्यात वर दिसला पाहिजे. नाहीतर सर्व्हर बंद!”

“उद्यापासून तुम्हाला तो वरच दिसेल, साहेब.”

तसा तो दिसला. साहेब खूश झाले. मग एके दिवशी त्यांनी पत्नीच्या फोनवर पाहिलं, तर वर तिचाच पाककृतींचा ब्लॉग! त्यांनी चिडून नीलांबरीला फोन लावला.

ती शांतपणे म्हणाली, “खुलं सॉफ्टवेअर आहे, साहेब. तुम्हाला दिलेली सोय सगळ्यांनाच दिली. आता प्रत्येकाला स्वतःचा ब्लॉग वर दिसतो आणि त्याखाली तो जे वाचतो ते.”

“मग हिच्या फोनवर माझा ब्लॉग कुठेच कसा नाही?”

“ती तक्रार मात्र वहिनींकडेच करावी लागेल.”

सर्व्हर चालूच राहिला. तो बंद केला असता, तर साहेबांना त्याचं कारण सांगावं लागलं असतं.