भर उन्हात थांबलेला बैल

घाटाच्या पायथ्याशी एका जंगलात एक बैल राहत असे. त्याचा खांदा असा भरदार, की भरलेली गाडी तो एका दमात घाटापार नेई. वाटेत कुठेही विसावा घेत नसे आणि हे तो सगळ्यांना सांगतही असे. जंगलालाही आपल्या बैलाचा फार अभिमान होता.

एका वर्षी उन्हाळा भलताच कडक पडला. पाणवठा आटला. धडधाकट प्राणी घाटापलीकडच्या तळ्याकडे आधीच चालत गेले. मागे राहिलेल्यांना गाडीत घेऊन बैल निघाला. गाडीत एक मेंढी, तिची कोकरे, सशाची पिल्ले आणि एक म्हातारे माकड होते. सूर्य डोक्यावर आला, तशी वाट तव्यासारखी तापली. बैलाच्या तोंडाला फेस आला, डोळे मिटू लागले. मुलांनो, ऊन फार चढले की अंगातले बळ जाण्याआधी भान जाते. बैलाला वाटेच्या कडेला लखलखते पाणी दिसले आणि तो तिकडे वळला. "बैलदादा, थांबा!" मेंढी ओरडली. "तिथे पाणी नाही, दरी आहे!"

बैल जागच्या जागी थबकला. पुढचे पाऊल टाकायला जमीनच नव्हती. माकडाने खाली उतरून चाक हलवून पाहिले. "उन्हाने लाकूड आटलंय. चाकावरची लोखंडी धाव सैल झालीय. असेच निघालो, तर उतारावर चाक निखळेल." एवढ्यात मागून एक घोडा हलका छकडा ओढत आला. "काय रे, दमलास? वाटेत कधी न थांबणारा बैल तो हाच का?" तो खिंकाळला. शब्द बैलाच्या वर्मी लागले. पण धापा टाकणाऱ्या कोकरांकडे त्याने पाहिले आणि मान वर करून म्हणाला, "हो, थांबलोय. माझ्या गाडीत पिल्लं आहेत. ऊन उतरल्यावरच निघेन. तूही थांब." घोडा हसला आणि भरधाव निघून गेला.

जवळच जांभळीखाली एक झरा होता. सगळे पोटभर पाणी प्यायले. माकड पळसाच्या पानांनी चाकांवर पाणी शिंपडत राहिले. हळूहळू लाकूड फुगले, धाव घट्ट बसली. बैलाने सावलीत निवांत डोळे मिटले.

उन्हे कलल्यावर गाडी निघाली. उताराच्या वळणावर घोडा चरात पडलेला दिसला. पाय मुरगळला होता, छकड्याचे चाक निखळून दूर गेले होते. "डोळ्यांपुढे अंधारी आली रे," तो कण्हत म्हणाला. "वळण दिसलंच नाही." बैल त्याला काही लागट बोलला नाही. "चढ गाडीत. हळू, पायावर भार देऊ नकोस." पिल्लांनी अंग चोरून त्याला जागा करून दिली.

तळ्याकाठी सगळे काळजीने वाट पाहत होते. "एवढा उशीर का?" हरिणाने विचारले. बैल बोलण्याआधीच मेंढी खाली उतरली आणि ठणकावून म्हणाली, "उशिरा आलो, पण सगळे आलो!" ते ऐकून बैलाचा ऊर अभिमानाने भरून आला.

तात्पर्य : कडक उन्हात शरीर थकते आणि गाडीही. जो वेळीच थांबून सोबतच्यांना सुखरूप पोचवतो, त्यानेच ताठ मानेने मिरवावे.