पितळी पातीची पकड

फार जुनी गोष्ट. कोंबड्यांच्या खोलीच्या भिंतीतल्या सॉकेटची ती तडतड मला अजून आठवते. पिलांना ऊब देणाऱ्या दिव्याचा प्लग सैल झाला होता, कारण रोजच्या घालण्या-काढण्यानं सॉकेटमधली पितळी पाती झिजली होती.

प्लग घट्ट बसावा म्हणून कोंबड्या पाळणाऱ्या भागूबाईंनी सॉकेटच्या फटीत आगकाडी खोचली. दिवा लागला.

“म्हातारे, आता मीच धरते सगळं,” काडी पातीला म्हणाली.

थोड्याच वेळात ठिणग्यांनी काडी तापली. “आजी, मी पेटणार! पिलं जळतील!”

“घाबरू नकोस, पोरी.” पातीनं उरलीसुरली ताकद लावून प्लग आवळला. तडतड थांबली, काडी निवली.

सकाळी भागूबाई नवं सॉकेट घेऊन आल्या. “काडीनं पिलं राखली गं बाई!” म्हणत त्यांनी जुनं उघडलं. करपलेली पाती अजून आवळलेलीच होती. त्यांनी ती पदरानं पुसली आणि कोनाड्यात जपून ठेवली.