करमाफीचं शहर

राजा सूरसेनाने नवं शहर वसवलं आणि तिथल्या रहिवाशांना सगळे कर माफ केले. रुंद रस्ते, घरोघरी पाणी, लोक लोटले. तेरवण गावच्या गायिका रेवाबाईही आल्या. तेरवणला तर खिडक्यांवरही कर होता.

पण वर्षभरातच त्या परत जायची परवानगी मागायला दरबारात आल्या.

राजा दुखावला. "इथे काय कमी आहे, बाई?"

"काहीच नाही, महाराज. पण तिथे मी घाटावर गायला लागले, की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका माझी ओळ उचलायच्या. ते कानातून जात नाही."

"त्यासाठी खिडक्यांचा कर भरणार? इथे कर नाही, म्हणून रोज माणसं येताहेत."

"खरं आहे. उद्या शेजारच्या राजाने कर माफ करून वर धान्यही दिलं, तर ती तिकडे जातील. मी मात्र कर भरायच्या तयारीने तेरवणला निघाले आहे. आपल्या शहरासाठी असं कोण परत येईल, महाराज?"

राजाने प्रधानाकडे पाहिलं.

"बाईंना गाडी जोडून द्या," राजा म्हणाला. मग हळूच विचारलं, "त्या बायका अजून तिथे असतील?"

"ठाऊक नाही," रेवाबाई म्हणाल्या. "तेच बघायला निघाले आहे."