‘मागणी नाही’ असा कागद

“ज्यानं जीव वाचवला, त्याच्यावरच अर्ज करायचा... हे पाप न्हाई का, अप्पा?”

रंगराव सुताराने एवढं विचारलं आणि मान खाली घातली.

विरूपाक्ष अप्पा मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. टेकडीच्या पायथ्याशी कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात तापली होती. त्यातल्याच एका छपराखाली रंगराव सोळा वर्षं प्रेसवर बसला होता. पत्रा सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, वरून साचा खाली यायचा, बिजागरी तयार. दिवसाला हजारो.

दोन महिन्यांपूर्वी साचा खाली आला तेव्हा हात आतच होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

“मालक स्वतः धावत आले,” रंगराव सांगू लागला. “अंगातला शर्ट काढून हाताला गुंडाळला. त्यांच्या गाडीतनं दवाखान्यात नेलं. ऑपरेशन होईस्तवर बाहेर बाकावर बसून होते. बिल सगळं त्यांनीच भागवलं. आणि आता हौसा म्हणती, भरपाईचा अर्ज करा...”

हौसा त्याची बायको. तिला शेजारणीने सांगितलं होतं, कामावर असताना इजा झाली तर कायद्याने भरपाई मिळते, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो.

“मग?”

“मी न्हाई म्हटलं. सोळा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं... मी आजवर कुणापुढं हात पसरला न्हाई, अप्पा. मला काही नकोच. तुम्हीच सांगता ना, हाव सुटली की माणूस सुटला.”

बोलताना त्याचा स्वर थोडा चढला होता. नको म्हणणारा माणूस मोठा असतो, हे त्याला मनातून ठाऊक होतं. अप्पांनी ते मोठेपण एकदा तोंडाने म्हणावं, एवढ्यासाठीच तो टेकडी चढून आला होता.

अप्पा म्हणाले, “पसर.”

“काय?”

“हात.”

रंगरावने डावा हात पुढे केला. उजवा टॉवेलखाली होता. दोन महिने तो टॉवेलखालीच होता.

अप्पा मुठीत दाणे घेऊन थांबून राहिले...

शेवटी उजवा हात बाहेर आला. रंगरावने ओंजळ केली. अप्पांनी दाणे ओतले. बोटं नव्हती तिथून निम्मे खाली ओसरीवर सांडले. रंगरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अप्पांनी आपला तळवा त्याच्या ओंजळीखाली धरला आणि दुसऱ्या हाताने ती पुन्हा भरली.

“खा,” ते म्हणाले. “चांगले भाजलेत.”

रंगरावने खाल्ले.

मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. मालकांच्या दिवाणजींनी आणून दिला होता. उद्या सही करून परत द्यायचा होता.

“आशीर्वाद द्या, सही करून मोकळा होतो.”

अप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. “मालकांनी माझा सर्व औषधोपचार केला आहे. अपघात माझ्याच चुकीने झाला. माझी कोणतीही मागणी नाही व पुढेही राहणार नाही.”

ते थांबले.

“चूक तुझी होती?”

रंगरावने उजवा हात पुन्हा टॉवेलखाली घेतला.

“प्रेसला पुढनं जाळी होती,” तो हळूच म्हणाला. “हात आत जाऊ नये म्हणून. मोठी ऑर्डर आली तवा मालकांनी ती काढायला लावली. जाळीनं काम हळू होतं.”

“मग इथं ‘माझ्या चुकीनं’ असं लिहिलंय ते?”

“तेवढं चालायचंच, अप्पा. त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं...”

अप्पांनी कागदाची घडी घातली.

“आता त्या प्रेसवर कोण बसतं?”

“आक्काताई.”

“कोण ही?”

“नवरा गेला तिचा. आधी पॅकिंगला होती. चार पैसे जास्ती मिळतात म्हणून प्रेसवर आली.”

“जाळी?”

रंगरावने नुसती मान हलवली. नाही.

अप्पांनी कागद त्याच्या हातात दिला, उजव्या हातात.

“सही कर. मी नको म्हणत न्हाई. फक्त आधी हा आक्काताईला वाचून दाखव.”

एवढं बोलून ते पुन्हा शेंगा फोडू लागले.

रंगराव टेकडी उतरला तो रागातच. आशीर्वाद मागायला गेला होता आणि हे काय पदरात पडलं. पण अप्पांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी तो कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला.

आक्काताई बाहेर आली. पदराने मान पुसत तिने कागद ऐकला. पहिलं वाक्य ऐकून ती म्हणाली, “खरं हाय, मालक देवमाणूस.” दुसऱ्या वाक्याला मात्र ती रंगरावकडे बघत राहिली.

“दादा, तुमची कुठं चूक होती? मी तिथंच होते की.”

“असं लिहावं लागतं.”

“असं...” ती म्हणाली. मग स्वतःचे दोन्ही हात तिने उलटेसुलटे करून पाहिले. “म्हंजे उद्या माझंबी असंच लिवायचं?”

रंगरावने कागद घडी करून खिशात घातला.

त्या कागदावर सही झाली नाही. आठवड्याने त्याने अर्ज केला.

पुढचे आठ महिने सोपे गेले नाहीत. मालकांनी त्याच्याकडे बघणं सोडलं. वस्तीतले लोक म्हणाले, खाल्ल्या घरचे वासे मोजतोय. कामगारांच्या भरपाईचे दावे बघणाऱ्या आयुक्तांपुढे मालकांच्या वकिलाने दवाखान्याची बिलं मांडली आणि म्हणाला, एवढं सगळं आम्ही दिलंच आहे. आयुक्तबाईंनी बिलं पाहिली आणि शांतपणे सांगितलं, उपचार करणं हे वेगळं, गेलेल्या बोटांची भरपाई वेगळी. पहिल्यात दुसरी धरता येत नाही.

साक्षीला आक्काताई आली. जाळी कोणी काढली, कधी काढली, सगळं तिने सांगितलं. मालक समोरच बसले होते. तरी एक शब्द तिने फिरवला नाही.

“मालकांनी दवाखान्यात नेलं, ते खरं का?” वकिलाने रंगरावला विचारलं.

“शंभर टक्के खरं,” रंगराव म्हणाला. “ते नसते तर मी आज इथं उभा नसतो. हेही लिहून घ्या, बाईसाहेब.”

आयुक्तबाईंनी लिहून घेतलं.

भरपाई मिळाली. पण त्याआधीच एक गोष्ट झाली होती. तपासणी येणार म्हणून कारखान्यातल्या चारही प्रेसना जाळ्या बसल्या. आक्काताईने ते सांगायला रंगरावच्या घरी येऊन हौसाच्या हातचा चहा घेतला. बराच वेळ दोघी हसत बसल्या होत्या. रंगराव दारात उभा राहून ऐकत होता. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

भरपाईचे पैसे मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन तो मालकांच्या घरी गेला. टॉवेल त्याने नेला नव्हता. मालक झोपाळ्यावर बसले होते. रंगराव वाकला आणि त्यांच्या पायाला हात लावला.

“त्या दिवशी तुम्ही शर्ट काढून गुंडाळला, मालक. ते सांगायचं राहून गेलं होतं.”

मालकांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग म्हणाले, “मला कोर्टात ओढलंस. आता पाया पडतोस. रंगा, यातलं खरं कोणतं?”

त्यांचे डोळे ओले होते. पण प्रश्न खरा होता. रंगराव तसाच उठला आणि थेट टेकडी चढून मठात आला. धाप लागली होती.

अप्पा झाडाला पाणी घालत होते.

“मालकांनी विचारलं, खरं कोणतं... मला सांगता आलं न्हाई, अप्पा. अर्ज केला तेव्हाही मी मनापासनं केला. पाया पडलो तेही मनापासनंच. दोन्ही कसं खरं असंल?”

अप्पांनी हातातली कळशी खाली ठेवली. त्याच्याकडे, मग त्याच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं.

“इथवर चढून आलास,” ते म्हणाले, “ते कोणत्या पायानं?”