बेहड्यावरचा दवाखाना

एका तळ्याकाठच्या रानात एक टिटवी राहत होती. स्वभावाने अगदी भित्री. पान पडलं तरी दचकायची, मासा उसळला तरी दचकायची, आणि दचकली की साऱ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडायची. कधीकधी तर स्वतःच्याच ओरडण्याने पुन्हा दचकायची.

अशा टिटवीला तळ्याकाठच्या मंडळींनी रानसभेवर निवडून दिलं होतं. तिचं शौर्य पाहून नव्हे. "जी आधी दचकते, ती आधी जागी असते," असं कासवआजीचं म्हणणं पडलं, आणि काठावर कासवआजीपुढे कुणाचं काही चालत नसे. आजी टिटवीची शेजारीण. टिटवी चरायला गेली की तिच्या अंड्यांवर लक्ष ठेवायची ती आजीच.

रानाचा राजा होता गवा. धिप्पाड आणि शांत. दर सभेत एकेका मंत्र्याने पुढे यायचं, आपल्या खात्याने काय केलं ते सांगायचं आणि सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, असा नेम त्याने घालून दिला होता. नेम फार चांगला होता. फक्त प्रश्न कुणी विचारत नसे. मंत्र्यांची भाषणं संपेपर्यंत सगळ्यांना भूक लागलेली असायची.

आरोग्यखातं होतं वानराकडे. वानर मनाने वाईट नव्हता, उलट मोठा हौशी होता. त्याने रानातल्या मुळ्या, साली, पाला गोळा करून दवाखाना काढला, आणि तो काढला रानातल्या सगळ्यांत उंच बेहड्याच्या झाडाच्या शेंड्यावर. तिथे वारा मोकळा, ऊन भरपूर, डास नावालाही नाहीत. वैद्य म्हणून एक म्हातारा शेकरू बसवला. औषध फुकट. नियम एकच, रोग्याने स्वतः यायचं, नाडी दाखवायची आणि मगच औषध न्यायचं.

वानराला तो दवाखाना उंच वाटलाच नाही. त्याच्या हिशेबी चार उड्यांचं तर काम.

पावसाळा सरता सरता कासवआजी तापाने फणफणली. मान आत ओढून बसली, ती बाहेर काढेना. खाणंपिणं सुटलं. टिटवी घाबरीघुबरी होऊन बेहड्याकडे उडाली. टिटवीचे पाय जमिनीचे, तिला फांदीवर बसता येत नाही. म्हणून ती शेंड्याभोवती घिरट्या घालत ओरडू लागली.

"वैद्यबुवा, ताप उतरायची मुळी द्या हो. आमची आजी फार आजारी आहे."

"मग आजींना घेऊन या," शेकरू म्हणाला.

"अहो, ती कासव आहे!"

"असेना का! आम्ही इथे जातपात पाहत नाही," शेकरू अभिमानाने म्हणाला.

टिटवी हात हलवत परत आली, म्हणजे पंख हलवत. आजीने कवचाच्या आतूनच विचारलं, "काय म्हणाले गं?"

"वर या म्हणाले."

"बरं. ताप उतरला की जाईन म्हणावं," आजी म्हणाली आणि कवचातल्या कवचात हसली. हसता हसता तिला धाप लागली. टिटवी रात्रभर तिच्या कवचाजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी रानसभा भरली. सभापती होता साळिंदर. गडबड झाली की तो अंगावरचे काटे खडखडवायचा, आणि मग कुणाची बोलायची छाती होत नसे. त्या दिवशी पाळी आरोग्यखात्याची होती. वानर पुढे आला, शेपूट डौलात उचलून धरली आणि म्हणाला, "महाराज, सांगायला आनंद वाटतो, की आपल्या दवाखान्यात आलेला एकही रोगी आजवर दगावलेला नाही. एकही नाही! जो आला तो आपल्या पायांनी आला आणि आपल्याच पायांनी परत गेला."

सभेने खूर आपटले, शेपट्या आपटल्या. राजा प्रसन्न होऊन रवंथ करू लागला.

"म्हणून," वानर म्हणाला, "आणखी एक दवाखाना काढावा म्हणतो. काटेसावरीच्या शेंड्यावर. रानात खाली जी औषधी झाडं उरलीत, त्यांच्या मुळ्या, साली सगळं खणून वर नेऊ. खाली उगाच तुडवलं जातं. आज सभेने तेवढी मंजुरी द्यावी."

टिटवीने हे ऐकलं. अजून कुठे झुडपाखाली एखादी मुळी सापडण्याची आशा होती. ही मंजुरी मिळाली की तीही गेली. मग आजी काही वाचत नाही. आणि ती दचकली, तशी ओरडलीही.

"टिटीव! टिटीव!"

"झालं!" रानडुक्कर मोठ्याने म्हणाला. "बोलली अपशकुनी! आता कुणाचा नंबर लावतेस बाई?"

सगळे हसले. साळिंदराने काटे खडखडवले, तशी टिटवी आणखी एकदा दचकली आणि आणखी एकदा ओरडली. मग तर हसण्याला ऊतच आला. दुसरी एखादी असती तर तिथून उडूनच गेली असती. टिटवीनेही पंख उघडले होते. पण आजीची धाप तिच्या कानातून जाईना. तिने पंख मिटले.

"मला," ती म्हणाली, "मला एक प्रश्न विचारायचाय."

प्रश्न म्हणजे काय, हेच बऱ्याच जणांना आठवेना.

"विचारा की," साळिंदर म्हणाला, "पण जेवण झाल्यावर. मंजुरीच्या आधी तुम्हाला वेळ देतो."

जेवणाच्या सुट्टीत वानर टिटवीजवळ आला. हातात एक आवळे लागलेली डहाळी होती, ती त्याने तिच्यापुढे ठेवली. टिटवी आवळे खात नाही, पण बोलणार कोण?

"टिटवीताई, कशाला त्रास करून घेता?" तो गोड आवाजात म्हणाला. "वैद्यबुवांनी मला सांगितलं. तुमच्या आजीसाठी मुळी आत्ताच्या आत्ता पाठवतो. नियम काय, आपल्या माणसांसाठी वाकवता येतो. तुम्ही फक्त तो प्रश्न मागे घ्या. चारचौघांत कशाला शोभा?"

टिटवीला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. आजी वाचेल. शिवाय सभेपुढे उभं राहायला नको, डुकराचे टोमणे नकोत, ते काटे नकोत. ती 'हो' म्हणायला चोच उघडणार, तेवढ्यात तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"आणि घोरपडीला?"

"घोरपड कोण?"

"बांधाखाली राहते. तिचा पाय सुजलाय."

"बरं, घोरपडीलाही पाठवू."

"आणि तरसाचं पिल्लू? त्याला खोकला झालाय. आणि ती भेकर, बाळंतीण, तिला तर उठवत नाही."

"अहो ताई!" वानर वैतागला. "असं ज्याच्या त्याच्या दारात औषध पोचवत बसलो, तर मग दवाखाना कशाला काढलाय?"

"तेच विचारणार आहे मी," टिटवी म्हणाली.

वानराने डहाळी उचलली आणि तरातरा निघून गेला. आपण आजीच्या तोंडची मुळी घालवली, हे टिटवीला कळत होतं. सुट्टी संपेपर्यंत ती एका जागी उभी राहून स्वतःला दूषणं देत होती. पण प्रश्न काही तिने मागे घेतला नाही.

जेवणानंतर साळिंदराने तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली. आवाज असा कापत होता, की पहिले दोन शब्द कुणाला ऐकूच आले नाहीत.

"मंत्रिमहोदय म्हणाले, दवाखान्यात आलेला एकही रोगी दगावला नाही. ऐकून बरं वाटलं. पण जे दवाखान्यापर्यंत येऊच शकले नाहीत, त्यांच्यातले किती दगावले?"

राजाचा रवंथ थांबला.

"हा काय प्रश्न झाला?" वानर म्हणाला. "जे आलेच नाहीत, ते माझे रोगी कसे? आणि का येऊ शकले नाहीत? दवाखाना सगळ्यांना उघडा आहे. वाटलं तर सभेने स्वतः येऊन बघावं!"

"चला मग," टिटवी म्हणाली. आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

सगळी सभा उठून बेहड्याखाली आली. वानर सरसर वर चढला आणि शेंड्यावरून ओरडला, "या महाराज, या! कसा वारा सुटलाय बघा!"

राजाने मान वर केली. आणखी वर केली. मान दुखायला लागली तेव्हा म्हणाला, "येतो. शिंगं घेऊन येऊ की खाली ठेवून येऊ?"

सभासद एकमेकांकडे बघू लागले. सशाने खोडाला पंजा लावून पाहिला आणि गुपचूप मागे घेतला. साळिंदर म्हणाला, सभापतीने झाडावर चढणं त्याच्या पदाला शोभत नाही.

"त्यात काय एवढं!" रानडुक्कर पुढे झाला. "नसत्या शंका काढायच्या, दुसरं काय!" असं म्हणून त्याने धावत येऊन खोडावर झेप घेतली. हातभर वर गेला असेल नसेल, तेवढ्यात धप्पकन खाली आपटला आणि पाय धरून विव्हळू लागला.

वरून शेकरू वैद्यबुवांनी काळजीने वाकून पाहिलं.

"लागलं का हो? या, वर या! लेप लावून देतो!"

"वर येता आलं असतं," डुक्कर कण्हत ओरडला, "तर पडलो कशाला असतो, वैद्या?"

मग राजाला हसू फुटलं. राजा हसला तशी सभा हसली, आणि पाय धरून बसलेला डुक्करही हसायला लागला. हसू ओसरल्यावर तो टिटवीकडे वळून म्हणाला, "ताई, तुमचा तो प्रश्न काय होता हो? जरा पुन्हा सांगा."

टिटवीने पुन्हा सांगितला. या वेळी आवाज थोडा कमी कापला.

वानर हळूहळू खाली उतरला. बेहड्याच्या बुंध्याशी तो उभा राहिला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

"खालून हा एवढा उंच दिसतो होय?" तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "मी आपला नेहमी वरूनच पाहिला. जो चढून येईल तो मुळात धडधाकटच असणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही." मग त्याने टिटवीपुढे मान खाली घातली. "ताई, दुपारी मी तुम्हाला गप्प करायला बघत होतो. माझं चुकलं."

काटेसावरीचा बेत तिथल्या तिथे बारगळला. दवाखाना खाली आणायचा आणि ज्याला चालवत नसेल त्याच्याकडे वैद्याने जायचं, असं सभेने एकमताने ठरवलं. पहिला लेप डुकराच्या पायाला लागला. तो लावून होताच टिटवी शेकरूला घाई करत तळ्याकडे घेऊन निघाली.

शेकरूने जन्मात कासवाची नाडी पाहिली नव्हती. त्याने कवचावर टकटक केली.

"आजी, हात बाहेर काढा."

"आलास का शेवटी खाली?" आतून क्षीण आवाज आला. "दमला असशील बाळा. बस जरा."

टिटवी रडत रडत हसली. शेकरूने मुळी उगाळली आणि टिटवीने ती चोचीने कवचाच्या आत आजीच्या तोंडात घातली. काही दिवस काळजीत गेले, पण एका सकाळी आजीने मान बाहेर काढली आणि आधी काय केलं असेल, तर टिटवीची अंडी जागेवर आहेत का ते पाहिलं.

पुढच्या सभेला वानर उभा राहिला. शेपूट या वेळी खालीच होती. "महाराज, या खेपेला रोगी फार झाले. औषध मधेच संपलं. काही जणांना आम्ही वाचवू शकलो नाही."

कुणी खूर आपटले नाहीत. राजा चिंतेत पडला. "रानात रोगराई वाढली की काय?"

"नाही महाराज. रोगी आधीही होतेच. आता आमच्या नजरेला पडतायत."

मग प्रश्न सुरू झाले. औषध का संपलं, मुळ्या कोण लावणार, पावसात दवाखान्यावर छप्पर काय घालणार, असं ज्याला जे सुचेल ते. डुकराने तर इतके विचारले, की साळिंदराला त्याला बसवावं लागलं. शेवटी टिटवी उठली.

"तळ्याच्या पलीकडच्या काठावर वैद्य जातात का?"

वानराने डोकं खाजवलं. पूर्वीचा वानर असता तर त्याने एक छानसं भाषण ठोकलं असतं. तो म्हणाला, "माहीत नाही, ताई. उद्या स्वतः जातो आणि बघून येऊन सांगतो."

मंत्र्याच्या तोंडून 'माहीत नाही' असं त्या सभेने पहिल्यांदाच ऐकलं. राजाने खूर आपटला. मग सगळ्यांनीच आपटले, आणि त्या आवाजाने टिटवी दचकून हातभर उंच उडाली.

तात्पर्य: किती रोगी बरे झाले एवढंच ऐकून टाळ्या वाजवू नयेत, किती जण दारापर्यंत पोचलेच नाहीत तेही विचारावं, आणि विचारताना आवाज कापला तर खुशाल कापू द्यावा, प्रश्न मात्र सोडू नये.