राखेखालचं औषध

घरोघरी चूल पेटत होती, तेव्हाची गोष्ट. एका परसात एक देखणा कोंबडा राहायचा. त्याच्या पिसांत बारीक किडे झाले होते. खाजवून खाजवून त्याची मान उघडी पडली होती. शेजारची काबरी कोंबडी मात्र रोज दुपारी परसात टाकलेल्या चुलीच्या राखेच्या ढिगात लोळायची आणि मजेत असायची. ते बघून कोंबड्याचा जळफळाट व्हायचा.

एकदा त्याने विचारलंच, "काबरे, तुझं औषध कुठलं गं?"

"राख," काबरी म्हणाली. "पण रोज लोळावं लागतं."

कोंबडा एकदाच लोळला. चौथ्या दिवशी खाज परत आली. 'खरं औषध हिने राखेखाली पुरलंय,' तो मनाशी म्हणाला. 'मी बरा झालो, तर हिच्याकडे कोण बघणार?'

काबरी दाणे टिपायला गेली, तसा तो ढिगात शिरला. त्याने तळापर्यंत उकरलं. तुऱ्यापासून शेपटीपर्यंत तो राखेने भरला. औषध काही मिळालं नाही, पण संध्याकाळपर्यंत खाजवायचं त्याला आठवलंही नाही.

"सापडलं का?" परत आलेल्या काबरीने विचारलं.

"नाही. पण मी सोडणार नाही. रोज येऊन उकरणार."

काबरीने सरकून त्याला जागा करून दिली.